बांधावरचा शिसव



या पानावर आपण आजवर बेणेनिवड, खताचे हप्ते, हुमणी, खोडवा यांविषयी वाचत आलात. या वेळचा विषय लाकडाचा आहे. शेतकी खात्याला लाकडाचे काय पडले, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, प्लॉट पाहणीला निघालो की चार-दोन शेतांआड एक प्रश्न आम्हाला हटकून विचारला जातो : "सायेब, ह्ये झाड ऊस खातंय. काढून टाकू का?"

आजपर्यंत आम्ही या प्रश्नाचे उत्तर फार झटपट देत आलो. ऊस हे उन्हाचे पीक. सावलीत फुटवा कमी, कांडी बारीक, पेरे लांबलेले. तेव्हा "काढा" म्हणायला कितीसा वेळ लागतो? मोटरसायकल सुरूच असायची. पण एका म्हाताऱ्या सभासदाने आम्हाला थांबवले. त्यांना सगळे आबा म्हणतात. म्हणाले, "काढा म्हणलासा खरं, पण झाड कशाचं हाय ते वर तरी बघा की." आम्ही वर पाहिले. दोन हातांच्या कवेत न मावणारा, सरळ सोट वाढलेला शिसव होता. आबांच्या वडिलांच्या आधीपासूनचा. आम्ही गाडी बंद केली.

त्या दिवशी बांधावर बसून जो हिशेब केला तो आधी देतो. झाडाच्या सावलीत उसाच्या तीन सऱ्या आणि लांबीने तीस फूट एवढा पट्टा खराब होत होता. चार फुटांची सरी धरली तर बारा गुणिले तीस, म्हणजे ३६० चौरस फूट. गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे गुंठ्याचा तिसरा हिस्सा. एकरी चाळीस टन धरा, गुंठ्याला टन पडतो. सावलीतला ऊस काही शून्य होत नाही. निम्मा जातो असे समजू. एका झाडापायी वर्षाला टनाचा सहावा हिस्सा, दीड-पावणेदोन क्विंटल ऊस. ज्या त्या हंगामाच्या दराने त्याला गुणा आणि समोर झाडाची किंमत मांडा. अडचण अशी की, उसाचा दर आपल्याला पै-पैशासकट ठाऊक असतो आणि झाडाची किंमत व्यापारी सांगेल ती. एवढ्याचसाठी हा लेख.

शिसव ओळखावा कसा

आपल्याकडे दोन झाडांची गल्लत होते. एक खरा शिसव, ज्याला काळा शिसव किंवा शिसम म्हणतात. शास्त्रीय नाव डालबर्जिया लॅटिफोलिया. दुसरा शिसू, डालबर्जिया सिसू. हा मूळचा उत्तरेकडचा, हिमालयाच्या पायथ्याच्या नदीकाठचा. आपल्याकडे पाटांच्या कडेने आणि रस्त्यांवर लावलेला आढळतो. उत्तर हिंदुस्थानात 'शीशम' म्हणतात तो हाच. सहारनपूरचे कोरीवकाम मुख्यतः त्याचे. लाकूड चांगलेच आहे, पण खऱ्या शिसवाची सर त्याला नाही, आणि बाजारात 'शिसव' म्हणून तोच गळ्यात मारला जातो.

ओळख पानावरून सोपी आहे. एका देठावर साधारण पाच ते सात पर्णिका, एकाआड एक लागलेल्या, आकाराने गोलसर. टोक बोथट, पुष्कळदा आत किंचित खाच पडलेली, हा खरा शिसव. पर्णिका तीन ते पाच आणि टोक पुढे निमुळते होऊन सुईसारखे आलेले, तो शिसू. साल दोन्हींची करडी, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. फुले बारीक, पांढुरकी. शेंगा चपट्या, कागदासारख्या पातळ, आत एक ते चार बिया. उन्हाळ्याच्या तोंडाला पाने झडतात. कोरड्या जागी झाड काही दिवस बोडके दिसते, ओलीच्या जागी तितकेसे नाही.

शेंगेवरून ध्यानात आले असेल की, हे झाड डाळवर्गीय आहे. ताग-धैंचाप्रमाणे त्याच्याही मुळांवर गाठी येतात. म्हणून त्याच्या कडेच्या उसाचा युरिया कमी करा, असे आम्ही म्हणत नाही. पण 'शिसव जमिनीचा कस ओढतो' असे जे सरसकट बोलले जाते, त्यात सावलीचा दोष मुळांवर ढकललेला असतो एवढे खरे. पाने जनावरे खातात. कुर्ग आणि वायनाडकडच्या कॉफीच्या मळ्यांत तर हे झाड सावलीसाठी मुद्दाम राखतात. आपल्याला नको असलेली सावली त्यांना हवी असते, काय करणार!

आणखी एक खूण उसवाल्याला लगेच पटेल. शिसव खोडवा देतो. नांगराचा फाळ मुळीला लागला, मुळी उघडी पडली, की तिथून नवा फुटवा वर येतो. बांधापासून पंधरा-वीस फुटांवर, उसाच्या सरीत, बी न पडता शिसवाचे रोप उभे दिसले तर ते असे मुळीवरचे समजावे. खुरपणीत आपण ते उपटून टाकतो. ते का टाकू नये, हे पुढे येईल.

गाभा आणि पांढरे लाकूड

शिसवाचा ओंडका आडवा कापला की दोन रंग दिसतात. सालीलगतचे लाकूड पिवळट पांढरे. आतला गाभा तपकिरी, जांभळट झाक असलेला, त्यात काळ्या रेघा. काही झाडांत या रेघा इतक्या दाट असतात की सगळा गाभाच काळा वाटतो. ताज्या कापाला मंद गोड वास येतो. गुलाबाच्या वासाची आठवण होते म्हणून इंग्रजीत त्याचे नाव रोजवुड पडले. लाकूड जुने होईल, हाताळले जाईल, तसा रंग आणखी गडद होत जातो. जुन्या घरातला देव्हारा किंवा पलंगाचे खूर पाहा. आपल्या बोलण्यातसुद्धा अंगाने काळ्या, पिळदार गड्याला 'शिसवी' म्हणतात. काळेपणा आणि टणकपणा दोन्ही एका शब्दात आले.

सगळा भाव या गाभ्याला आहे. पांढऱ्या लाकडाला नाही, कारण त्यात भुंगेरा शिरतो आणि पीठ पाडतो. गाभ्याला मात्र वाळवी सहसा लागत नाही. जिवंत झाडात पांढऱ्या भागातून पाणी वर चढते, त्यात साखर-पिष्ट साठलेले असते. किड्याला खायला तेच हवे. आतला भाग जुना होत जातो तशी ही वाहतूक बंद होते, नळ्या बुजतात, आणि झाड त्यात रंगीत व कडू द्रव्ये साठवते. ती किड्याला आणि बुरशीला मानवत नाहीत. काळा रंग आणि टिकाऊपणा एकाच कारणाने येतात. तेव्हा वरून काळे पॉलिश मारले म्हणून लाकूड टिकाऊ होत नाही, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण लग्नसराईत अशी बाभळीची आणि शिसूची खुर्च्या-मेजे 'शिसवी' म्हणून विकत घेणारे आमच्याच खात्यात दोघे आहेत. खुर्ची उलटी करावी, जिथे पॉलिश पोचलेले नाही तिथे नखाने किंवा चाकूच्या टोकाने खरवडून पाहावी, आणि मुख्य म्हणजे उचलून वजन पाहावे.

वजनाचे म्हणाल तर वाळलेला शिसव घनमीटरला साधारण ८३० किलो भरतो. आपल्या हिशेबात घनफुटाला साडेतेवीस किलो. साग घनफुटाला साडेअठराच्या आसपास. टणकपणात तर सागाच्या दुपटीच्या वर. लाकडात पोलादी गोळी ठराविक खोलीपर्यंत रुतवायला किती जोर लागतो, यावरून हे मोजतात. मग घराच्या तुळया, खांब, वासे सागाचेच का? कारण साग हलका, सरळ रेषांचा, कामाला मऊ आणि लांब सोटात मिळणारा. शिसवाच्या रेषा एकमेकींत अडकलेल्या असतात. एका थरात इकडे कललेल्या, पुढच्या थरात तिकडे. रंधा एका दिशेने मारला की निम्मी फळी गुळगुळीत होते आणि निम्मीचे पापुद्रे निघतात. शिवाय गाभ्याच्या नळ्यांत जागोजाग चुनखडीसारखे खडे साठलेले असतात. करवतीचे दात आणि पटाशीची धार त्यावर बोथट होते. आमच्या गावचे सुतार शिसवाचे काम आले की आधी दगडावर पाणी टाकायचे, मग मजुरी सांगायचे. ती मजुरी अवाच्या सवा वाटे. आता वाटत नाही.

पण हाच अडेलपणा त्याचा गुणही आहे. एकमेकींत गुंतलेल्या रेषांमुळे लाकूड सहजी चिरत नाही. म्हणून जिथे ठोके बसतात, ताण पडतो, अशा जागी त्याला मागणी होती. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा, आरे, पाटे, तोफगाड्यांची चाके, हत्यारांच्या मुठी. आपल्या भागात गाडीच्या चाकांना बाभूळ जास्त वापरली गेली, कारण ती बांधोबांधी मिळे आणि स्वस्त पडे. लाकडी लाटांचा उसाचा चरकही बाभळीचाच असे. कारखान्याच्या यार्डात टायरगाड्या आल्या आणि लाकडी चाकाबरोबर ही मागणी गेली.

शिसवाचे मोठे नाव झाले ते सामानसुमानात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव काळ्या लाकडाच्या खुर्च्या, कोच, मेजे होत. 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावाने ती विलायतेपर्यंत गेली. ती शिसवाची. म्हैसूरचे जडावाचे काम, काळ्या फळीत निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे बसवून काढलेली चित्रे, तेही शिसवावर. आणि गिटार. ब्राझील देशात याच कुळातला एक शिसव होतो. जगातले गिटार करणारे तो वापरीत. तो तोडून तोडून दुर्मिळ झाला तेव्हा १९७० च्या सुमारास त्यांनी आपल्या शिसवाकडे मोर्चा वळवला. गिटारची पाठ आणि बाजू यांना तो चालतो, कारण जड आणि घट्ट लाकूड नाद पिऊन टाकत नाही, परत फेकते. परदेशातला एखादा गवई छातीशी धरतो ते लाकूड कर्नाटक-केरळच्या डोंगरातले असू शकते.

टेंभुर्णीचाही उल्लेख केला पाहिजे, नाहीतर विदर्भाकडचे पाहुणे रागावतील. विडीची पाने देते ती टेंभुर्णी. तिचा गाभा शिसवाहून काळा, कोळशासारखा असतो. पण तो बहुधा लहानच, त्यामुळे काठ्या, मुठी, कोरीव वस्तू यांपलीकडे जात नाही.

सुतारकाम करणाऱ्या सभासदांसाठी एक सूचना. शिसवाचा भुसा काहींच्या अंगाला खाज आणतो, शिंका आणतो, दमेकऱ्याला त्रास देतो. हे मनाचे खेळ नव्हेत. याच कुळातल्या लाकडांतील द्रव्यांचा तो परिणाम आहे. नाकाला फडके बांधावे, काम संपल्यावर हातपाय धुवावेत.

आमच्या घरची गोष्ट

आता जे सांगतो ते सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. आम्ही कृषी पदविका घेऊन नुकतेच घरी आलो होतो. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते, हात आखडता होता. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन शिसव होते. एक व्यापारी आला. झाडाभोवती एक फेरी मारली, कुऱ्हाडीच्या तुंब्याने दोन ठोके दिले आणि म्हणाला, "आतनं पोकळ हाय. जळणालाच जाणार. तरी लगीन हाय म्हणून चार पैसं जास्त देतो." वडिलांनी आमच्याकडे पाहिले. शिकलेला मुलगा घरात होता ना! आम्हाला ओंडक्याचे घनफूट काढायचे सूत्र पाठ होते, परीक्षेत त्यावर गुणही मिळाले होते. पण टेप काढून झाडाला लावावी, हे आमच्या डोक्यात आले नाही. आम्ही मान हलवली. दोन्ही झाडे उभ्याने, जळणाच्या भावाने गेली.

पुढे कामासाठी तालुक्याच्या गावी गेलो असता एका गिरणीच्या आवारात फळ्या रचलेल्या दिसल्या. आमच्या एका झाडाला लहानपणी आम्ही साखळी बांधून झोका केला होता. ती साखळी सालीत रुतून वर गाठ धरली होती. ती गाठ एका ओंडक्यावर दिसली. कापलेल्या तोंडाकडे पाहिले. पोकळ तर नव्हतेच, मधोमध काळा गाभा होता. वडिलांना हे आम्ही कधी सांगितले नाही.

मोजायचे कसे

टेप घ्या. पडलेल्या सोटाच्या लांबीच्या मध्यावर घेर मोजा. उभे झाड असेल तर छातीच्या उंचीवर मोजा आणि वर निमुळते होते म्हणून थोडे कमी धरा. लाकूड बाजारात चालतो तो चौथाईचा हिशेब : घेराला चाराने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, त्याला लांबीने गुणा. सगळी मापे फुटांत.

उदाहरण : घेर ६० इंच म्हणजे ५ फूट. चाराने भागले, सव्वा फूट. सव्वाचा वर्ग १.५६. लांबी ८ फूट. गुणाकार साडेबारा घनफूट. आता हाच ओंडका पूर्ण गोल धरून मोजला तर जवळजवळ सोळा घनफूट भरतो. चौथाईच्या हिशेबात साडेतीन घनफूट कुठे गेले? ते साल, फेकून द्यायचे तुकडे आणि करवतीचा भुसा यांसाठी व्यवहाराने आधीच सोडलेले असतात. म्हणून व्यापारी या हिशेबावर पुन्हा 'सालीची सूट', 'घटीची सूट' मागू लागला, तर तीच घट दोनदा वजा होते आहे हे त्याला सांगावे.

आता गाभा पाहू. साल आणि पांढरे लाकूड मिळून दोन इंच जाडी धरू. झाडागणिक ती कमी-जास्त असते. ६० इंच घेर म्हणजे १९ इंच व्यास. दोन्ही अंगांचे चार इंच गेले, गाभा १५ इंच. आठ फूट लांबीत असा गाभा साधारण दहा घनफूट निघतो. वाळल्यावर वजन दोनशे तीस किलोच्या आसपास.

याच रीतीने लहान झाड मोजा. घेर २४ इंच, व्यास साडेसात इंच. चार इंच वजा जाता गाभा उरला साडेतीन इंच. आठ फुटांत जेमतेम अर्धा घनफूट! मोठ्या झाडाचा घेर याच्या अडीचपट, पण गाभा सतरा-अठरा पट. मनगटाएवढी, मांडीएवढी शिसवाची झाडे चुलीसाठी किंवा मांडवासाठी तोडणारे सभासद काय तोडतात, ते या आकड्यांवरून पाहावे. कोवळ्या उसाला तोड घातल्यासारखे आहे. उतारा यायच्या आधीच मोळी बांधली. फरक एवढाच की ऊस पुढच्या वर्षी पुन्हा येतो. शिसव फार सावकाश वाढतो. आपण लावला तर नातवाने तोडायचा, असा तो मामला आहे.

पोकळीबद्दल. कुऱ्हाडीच्या तुंब्याचा ठोका एका जागी देऊन काही कळत नाही. बुंध्याभोवती चार ठिकाणी आणि खाली-वर असे ठोके द्या; भरीव जागी आवाज बद्द आणि घट्ट येतो, पोकळ जागी डफासारखा. बुंध्याशी जुनी जळल्याची जखम आहे का, फांदी मोडून भोक पडले आहे का, तेही पाहा. बांधावरच्या झाडांना ही जखम बहुधा आपणच केलेली असते. तोड झाल्यावर पाचट पेटवून देतो, आग बांधापर्यंत जाते, साल एका अंगाने भाजते, त्यातून बुरशी आत शिरते आणि वीस वर्षांनी गाभा पोकळ निघतो. पाचट जाळू नका, हे आम्ही जमिनीच्या सेंद्रिय कर्बासाठी सांगतो. बांधावर शिसव असेल त्याने दोन कारणांसाठी ऐकावे.

तोडलाच तर

म्हातारे झाड कधीतरी तोडावेच लागते, वादळाने पडते, विहिरीच्या कामात येते. तेव्हा त्याचे लाकूड वाया जाऊ देऊ नये. ओंडका उन्हात पडू दिला की दोन्ही तोंडांना भेगा पडतात आणि फूट-फूटभर लाकूड जळणात जाते. तोंडे लगेच शेणमातीने किंवा डांबराने लिंपावीत आणि ओला असतानाच गिरणीवर नेऊन फळ्या पाडाव्यात. फळ्या सावलीत, जमिनीपासून वर, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात म्हणजे वारा खेळतो. वर वजन ठेवावे. इंचभर जाडीला साधारण वर्ष, असा जुन्या लोकांचा हिशेब आहे; घाई करून नुकसान करून घेण्यापेक्षा तो बरा.

फळी वाकते का, हेही एकदा समजून घ्यावे. लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आखडत नाही. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने शिसव शेकडा पावणेतीनच्या आसपास आखडतो, घेराच्या दिशेने मात्र त्याच्या दुपटीने. म्हणून फळी पन्हळीसारखी होते. मधोमध चिरलेली फळी सरळ राहते, कडेची वाकते. देव्हाऱ्याला आणि दाराला कोणती फळी ठेवायची, ते गिरणीवरच ठरवून बाजूला काढावे.

कायद्याची बाजू. महाराष्ट्रात १९६४ च्या झाडे तोडण्याच्या नियमनाच्या कायद्याने साग, आंबा, चिंच, ऐन, खैर अशा अनुसूचित झाडांना खासगी जमिनीतही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. झाड कोणतेही असो, कुऱ्हाड लावण्याआधी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात लेखी विचारून घ्यावे आणि लाकूड रस्त्यावर आणण्याआधी वाहतूक पासाचे पाहावे. 'परवानगीचं आम्ही बघतो' असे व्यापारी म्हणतो. गाडी अडवली की तो फोन उचलत नाही आणि सातबारा आपल्या नावाचा असतो. बांध सामाईक असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती घ्यावी. भावाभावांतले किती दावे एका झाडावरून सुरू झाले, ते तालुका कोर्टात जाऊन विचारा.

शिसवाची टंचाई हा आपल्याच बांधापुरता प्रश्न नाही. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने १९९८ साली या झाडाची नोंद धोक्यात असलेल्या जातींत केली. तामिळनाडू सरकारने १९९४ साली शिसवाच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला होता. दुर्मिळ वनस्पतींच्या व्यापाराच्या 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ च्या जानेवारीपासून हे सगळे कूळच दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले, त्यामुळे परदेशी पाठवायला कागदपत्रे लागू लागली. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली. आपण काही परदेशी माल पाठवत नाही. पण माल कमी झाला की भाव कुठे जातो, हे साखर कारखान्याच्या सभासदाला शिकवायचे कारण नाही.

लावायचा असेल तर

नवीन झाड कुठे लावावे? आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने दुपारची सावली उत्तरेला पडते. म्हणजे शेताच्या उत्तर बांधावर लावलेल्या झाडाची सावली आपल्या उसावर कमी आणि शेजाऱ्याच्या उसावर जास्त! हा सल्ला आम्ही दिला म्हणून शेजारी आमच्या ऑफिसात येऊ नये. तेव्हा उत्तरेला रस्ता, ओढा, पाट किंवा गायरान असेल असा बांध निवडावा. नाहीतर विहिरीचा परिसर, वस्तीच्या मागचे अंग, खळ्याची कड. जमीन खोल आणि निचऱ्याची हवी. पाणी तुंबणाऱ्या चोपण जागेत हे झाड रडतखडत राहते.

बियाण्यापासून रोप करता येते. बी ताजे घ्यावे, जुने उगवत नाही. पेरण्याआधी दिवसभर पाण्यात भिजवावे. पण सोपा मार्ग वर सांगितलेला खोडवाच आहे. जुन्या शिसवाच्या आसपास मुळीवरून आलेला फुटवा पावसाळ्याच्या तोंडाला मुळीच्या तुकड्यासकट खणून काढावा आणि दुसरीकडे लावावा. किंवा आहे तिथेच बांधाच्या रेषेत येत असेल तर काठी रोवून राखावा. पहिली तीन-चार वर्षे शेळ्यांपासून जपावे लागते. खालच्या फांद्या लहानपणीच छाटत गेल्यास सोट सरळ आणि बिनगाठीचा वाढतो आणि सावलीही वर सरकते, हा उसाचा फायदा.

आबांचा शिसव अजून उभा आहे. त्यांनी त्या वर्षी खालच्या चार फांद्या तेवढ्या उतरवल्या आणि सावलीतल्या तीन सऱ्या ऊस न लावता हत्तीघासाला दिल्या. सावलीत घास थोडा कमी येतो, पण दोन म्हशींना पुरतो.

प्रत्येक गट कार्यालयात कापडी टेप आणि चौथाईच्या हिशेबाचा तक्ता ठेवला आहे. झाड विकण्याआधी ओव्हरसियरना किंवा चिटबॉयला सांगावे. ते शेतावर येऊन घेर मोजून कागदावर लिहून देतील. त्याला काही आकार नाही.